आकाराचा अहवाल म्हणजे निकाल नव्हे

कोल्हापुरात, राजारामपुरीत नाहीतर ताराबाई पार्कात, दवाखान्याच्या पायऱ्या उतरणाऱ्यांच्या तोंडून एक वाक्य हमखास कानावर पडतं : "पिशवीतच दोष हाय, मग मूल हुणार कसं?" बोलणारी कधी सासू असते, कधी नणंद, कधी खुद्द नवरा. हातात सोनोग्राफीचा कागद, आणि त्यावर गर्भाशयाच्या आकाराबद्दल इंग्रजीतले चार शब्द. त्या चार शब्दांवरून घरात दोन गोष्टी ठरून जातात. मूल न होण्याचं कारण सापडलं आणि ते सुनेत आहे, ही एक. ते कारण कापून काढलं की काम झालं, ही दुसरी. पहिली गोष्ट घर ठरवतं. दुसरीला अनेकदा दवाखानाही मान डोलावतो.

या दोन्ही निर्णयांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे, तो म्हणजे गर्भाशयाचा आकार पाहिला की बाईचं पुढचं सगळं वाचता येतं. तसं वाचता येत नाही. आकारावरून काही धोके कळतात, काही शक्यता कमी-जास्त होतात. मूल होणार की नाही हे त्यावर लिहिलेलं नसतं. आणि या घाईत जिथे खरोखर डोळ्यांत तेल घालून बसायला हवं, तिथे मात्र कोणाचंच लक्ष नसतं.

आधी दोष म्हणजे काय ते पाहू. मुलगी आईच्या पोटात असताना तिचं गर्भाशय दोन नळ्यांपासून घडतं. योहानेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून त्यांना म्युलेरियन नळ्या म्हणतात. साधारण आठव्या ते बाराव्या आठवड्यात त्या खालच्या अंगाला जुळतात, मग मधली भिंत विरत जाते आणि विसाव्या आठवड्याच्या आसपास हे काम उरकतं. नळ्या घडल्याच नाहीत तर गर्भाशय नसतं. एकच नीट वाढली तर अर्धं, एकशिंगी गर्भाशय. दोन्ही वाढल्या पण जुळल्याच नाहीत तर दोन गर्भाशयं आणि दोन तोंडं. अर्धवट जुळल्या तर माथ्यावर खाच असलेलं द्विशिंगी. जुळल्या, पण मधली भिंत विरली नाही, तर बाहेरून एकसंध आणि आत पडदा. हे सगळं त्या मुलीच्या जन्माआधीच घडून गेलेलं असतं. तिच्या आईनं ग्रहण पाळलं नाही म्हणून ते झालेलं नसतं, की तिनं स्वतः लग्नाआधी काही केलं म्हणूनही नसतं.

आता पहिला आरोप. या दोषांमुळे दिवसच राहत नाहीत, असं गृहीत धरलं जातं. २०११ मध्ये जगभरचे अभ्यास एकत्र करून एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात कुठलीही तक्रार नसलेल्या सर्वसाधारण बायकांपैकी ५.५ टक्के जणींच्या गर्भाशयात जन्मजात वेगळेपण सापडलं. मूल होत नाही म्हणून तपासायला आलेल्यांत ते प्रमाण ८ टक्के होतं, गर्भपात झालेल्यांत १३.३ टक्के, आणि मूलही होत नाही व गर्भपातही झालेत अशांत २४.५ टक्के. हे आकडे नीट वाचा. साडेपाच आणि आठ यांतलं अंतर थोडं आहे. मोठी उडी आहे ती गर्भपातांपाशी. म्हणजे या दोषांचा संबंध दिवस राहण्याशी कमी आणि राहिलेले दिवस टिकण्याशी जास्त आहे. त्याच संशोधकांच्या दुसऱ्या आढाव्यात आढळलं, की नळ्या न जुळण्याच्या दोषांत दिवस राहण्याचं प्रमाण घटत नाही. पडद्याच्या दोषात ते थोडं घटतं. गर्भपात, वेळेआधी बाळंतपण आणि बाळ आडवं किंवा पायाळू असणं मात्र दोन्हीकडे वाढतं, काही प्रकारांत तर दुपटी-तिपटीनं.

साडेपाच टक्क्यांचा हिशेब कोल्हापूरला लावला तर? २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाखांवर होती. निम्म्या बायका धरल्या, तर लाखभर जणींच्या पिशवीचा आकार पुस्तकातल्या चित्रासारखा नसणार. त्यातल्या बहुतेकींचा फरक अगदी किरकोळ, माथ्याकडे थोडी कमान, एवढाच असतो. त्यातल्या कितीतरी जणी आज नातवंडं खेळवत असतील आणि आपल्या पोटात असं काही आहे याचा त्यांना पत्ताही नसेल. २०१९ मध्ये बांगलादेशातल्या एका खेड्यातल्या बाईला मुलगा झाला आणि २६ दिवसांनी जुळी झाली. तिला दोन गर्भाशयं होती. पहिल्या बाळंतपणापर्यंत तिची सोनोग्राफीच झालेली नव्हती. दोन गर्भाशयं असलेली बाई वांझ असते असं म्हणणाऱ्यानं आधी तिची तीन मुलं मोजावीत.

मग मूल होत नाही त्याचं कारण कुठे शोधायचं? निम्म्या घरांत ते, पूर्णपणे किंवा अंशतः, नवऱ्याकडे असतं. त्याची पहिली तपासणी सगळ्यांत सोपी आहे : वीर्याचा नमुना द्यायचा, एवढंच. ना चिरफाड, ना भूल, ना वेदना. तरी आपल्याकडे आधी बाईच्या नळ्यांत औषध सोडून एक्स-रे काढला जातो, तिला दुर्बिणीच्या टेबलावर झोपवलं जातं, आणि नवऱ्याबद्दल विचारलं की उत्तर येतं, "आमचा गडी तालमीतला हाय, त्याला काय धाड भरलीया?" दंडाच्या बेटकुळीवरून शुक्राणू मोजता येत नाहीत. तो कागद आल्याशिवाय बाईच्या पिशवीबद्दल बोलायचा हक्क त्या घरातल्या कोणालाच नाही.

यात भर म्हणजे दोष नसलेल्या गोष्टींनाही दोषाचं नाव मिळतं. "पिशवी उलटी आहे" हे असंच एक. पाचांतल्या एका बाईचं गर्भाशय मागच्या बाजूला कललेलं असतं. तो तिच्या ठेवणीचा भाग आहे, आजार नाही. "पिशवी लहान आहे" असं सांगितलं जातं तेव्हा पुष्कळदा खरा प्रश्न संप्रेरकांचा असतो. "पिशवी धुवून घ्या" हा सल्ला तर गावोगावी फिरतो. विनाकारण खरवडलेल्या गर्भाशयात आतल्या भिंती एकमेकींना चिकटून चिकटे होतात, म्हणजे धड असलेल्या पिशवीत आपणच दोष तयार करतो. आपल्याकडे जननेंद्रियांचा क्षयरोगही आहे. त्यानं गर्भाशयाची पोकळी आक्रसून इंग्रजी टी अक्षरासारखी दिसू शकते. तो आकार एक्स-रेवर पाहून "जन्मजात" असं लिहून मोकळं झालं, तर खरा आजार तसाच राहतो आणि बाईच्या माथी जन्माचा शिक्का बसतो.

आता तो कागद जरा जवळून पाहू. कितीतरी अहवालांत "बायकॉर्न्युएट/सेप्टेट युटेरस" असं लिहिलेलं असतं. द्विशिंगी किंवा पडद्याचं, मध्ये एक तिरकी रेघ. त्या रेघेच्या दोन बाजू एकमेकींपासून फार लांब आहेत. पडद्याच्या गर्भाशयात माथा बाहेरून सपाट किंवा किंचित फुगीर असतो आणि भिंत फक्त आत असते, म्हणून दुर्बिणीनं आतून कापता येते. द्विशिंगीत माथाच खोल खचलेला असतो. तिथे आतून कापत गेलं तर कात्री गर्भाशयाला भोक पाडून पोटात उतरते. नळीच्या एक्स-रेत फक्त आतली पोकळी दिसते, माथ्याची बाहेरची कड दिसतच नाही. म्हणून एक्स-रेवरून या दोघांत निवाडा होऊ शकत नाही. त्यासाठी त्रिमितीय सोनोग्राफी हवी, तीही पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात, अस्तर जाड झालेलं असताना. मग समोरून घेतलेल्या चित्रात पांढरं अस्तर त्रिकोणासारखं उमटतं, त्याची वरची कड किती खाली आली आहे ते मोजता येतं आणि त्याच चित्रात बाहेरचा माथाही दिसतो. गरज पडली तर एमआरआय करतात. तिरक्या रेघेचा अहवाल हातात घेऊन ऑपरेशनची तारीख ठरवणं म्हणजे आजार न ओळखता औषध देणं.

आणि मोजल्यावर तरी एकमत होतं का? युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०१३ च्या वर्गीकरणानुसार भिंतीच्या जाडीच्या निम्म्याहून अधिक आत आलेली कड म्हणजे पडदा. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या संस्थेनं २०१६ मध्ये दीड सेंटिमीटरहून अधिक खोली आणि ९० अंशांहून कमी कोन, असा निकष लावला. २०२१ मध्ये त्याच संस्थेनं खोलीची अट एक सेंटिमीटरवर आणली. बाई तीच, गर्भाशय तेच. २०१६ च्या निकषात न बसलेली बाई २०२१ मध्ये सदोष ठरू शकते, आणि अटलांटिकच्या एका काठावर सदोष असलेली दुसऱ्या काठावर निरोगी. तज्ज्ञ अजून सीमारेषा आखताहेत, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. विज्ञान असंच चालतं. पण सरकणाऱ्या रेषेच्या भरवशावर कोणाच्या तरी लेकीला सदोष ठरवणं आणि टेबलावर घेणं, याला विज्ञानाचं नाव देऊ नये.

आता दुसरा दावा : पडदा कापा, मूल होईल. या बाजूचं सगळ्यांत बळकट म्हणणं मांडूनच त्याला उत्तर दिलं पाहिजे. शस्त्रक्रियेचे पुरस्कर्ते आकडे दाखवतात आणि आकडे डोळे दिपवणारे आहेत. २००० सालच्या एका गाजलेल्या आढाव्यात पडदा असलेल्या बायकांच्या ऑपरेशनआधीच्या १,०६२ गर्भधारणांचा हिशेब होता : त्यातल्या ८८ टक्के गर्भपातात संपल्या, पूर्ण दिवसांच्या अवघ्या ३ टक्के. ऑपरेशननंतर गर्भपात १४ टक्क्यांवर आले आणि पूर्ण दिवसांची बाळंतपणं ८० टक्क्यांवर गेली. ऑपरेशनही लहान, दुर्बिणीतून अर्ध्या तासाचं, पोटावर टाका नाही. मग वाट कसली बघायची? हे आकडे ज्या डॉक्टरांनी मनापासून मानले त्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचं कारण नाही.

खोट आकड्यांत नाही, बायका निवडण्यात आहे. ऑपरेशनसाठी आलेल्या बायका कोण होत्या? ज्यांचे गर्भपात झाले होते त्याच. पडदा असूनही ज्या बिनबोभाट बाळंत झाल्या, त्या दवाखान्याची पायरी चढल्याच नाहीत आणि या हिशेबात आल्याच नाहीत. आधीचे ८८ टक्के गर्भपात पडद्याचे जेवढे, तेवढेच या निवडीचेही आहेत. वाईटात वाईट इतिहास असलेल्या बायका निवडल्या, की पुढची वेळ सरासरीकडे सरकणार, म्हणजे बरी जाणारच, कापा वा कापू नका. कारण न सापडता वारंवार गर्भपात झालेल्या बायकांतही, कुठल्याही ऑपरेशनशिवाय, धीर आणि नीट देखरेख मिळाली तर पुढच्या खेपेला दहांतल्या सहा-सात जणींचे दिवस पूर्ण होतात. गुळाच्या सौद्यात भाव पार कोसळला त्या दिवशी नवस बोलायचा आणि पुढच्या आठवड्यात भाव चढला की देव नवसाला पावला म्हणायचं, असा हा "आधी आणि नंतर"चा हिशेब आहे. खरी तुलना एकच : सारख्याच बायकांचे दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडायचे, एका गटाचा पडदा कापायचा, दुसऱ्याचा तसाच ठेवायचा.

ती तुलना झाली आहे. नेदरलँड्सच्या पुढाकारानं इंग्लंड, अमेरिका आणि इराणमधल्या रुग्णालयांना सोबत घेऊन २०१० ते २०१८ या काळात ८० बायकांना अशा दोन गटांत वाटलं गेलं. निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पडदा कापलेल्या गटात ३१ टक्के बायकांना जिवंत मूल झालं. न कापलेल्या गटात ३५ टक्के. त्याआधी, २०२० मध्ये, त्याच संशोधकांनी २५७ बायकांच्या नोंदी तपासल्या होत्या. तिथे कापलेल्यांत ५३ टक्के आणि न कापलेल्यांत जवळजवळ ७२ टक्के जणींना मूल झालं.

यावर आक्षेप येईल आणि तो रास्त आहे : ८० बायका म्हणजे फार थोड्या, आठ वर्षं लागली एवढ्या गोळा करायला, त्यात गर्भपात झालेल्या आणि मूल न होणाऱ्या अशा वेगवेगळ्या बायका एकत्र होत्या; एवढ्यावरून ऑपरेशन निरुपयोगी कसं ठरवता? बरोबर, तसं ठरवता येत नाही. वारंवार गर्भपात झालेल्या एखाद्या बाईचा मोठा, खोल पडदा कापायचा निर्णय शहाणा डॉक्टर आजही घेऊ शकतो, तिला सगळं सांगून. पण हाच आक्षेप उलटाही लागू होतो. एवढा पुरावा ऑपरेशन फेटाळायला अपुरा असेल, तर त्याची हमी द्यायला तो त्याहून अपुरा आहे. ज्याला कापायचं आहे, सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर. आणि जिला एकदाही दिवस गेलेले नाहीत, एकही गर्भपात झालेला नाही, तिचा पडदा "आयव्हीएफच्या आधी आवरून टाकू" म्हणून कापायचा, याला तर आधारच नाही. अर्ध्या तासाचं ऑपरेशन असलं तरी गर्भाशयाला भोक पडू शकतं, आतून चिकटे होऊ शकतात, आणि क्वचित पुढच्या गरोदरपणात तीच जागा फाटू शकते. लहान ऑपरेशनचे परिणामही लहानच असतील, असं नाही.

गर्भाशयाच्या बाबतीत महाराष्ट्राचा हात तसाही सैल आहे. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये राज्यभर गाजलं. त्याच जिल्ह्यातल्या टोळ्या दर हंगामात आपल्या साखर कारखान्यांचा ऊस तोडायला इथे येतात. तिथे पिशवी काढायची घाई, इथे पिशवी दुरुस्त करायची घाई; बाईला मात्र दोन्हीकडे नीट विचारलेलं नसतं.

आता ज्या जागी खरा धोका आहे तिकडे वळू, कारण माझी सगळ्यांत मोठी तक्रार तिथलीच आहे. एकशिंगी गर्भाशयाच्या बाजूला कधी कधी दुसऱ्या नळीचं अर्धवट शिंग राहतं. त्याला बहुतेक वेळा मुख्य पोकळीत उघडणारी वाट नसते. पुरुषबीज पोटाच्या पोकळीतून फिरून तिकडे पोचतं आणि त्या शिंगात गर्भ रुजतो. सुरुवातीच्या घाईच्या सोनोग्राफीत तो "गर्भाशयातच" दिसतो, ठोकेही लागतात, घरात पेढे वाटले जातात. शिंगाची भिंत ताण सहन करू शकत नाही. विसाव्या शतकातल्या जगभरच्या ५८८ नोंदी तपासल्यावर दिसलं की निम्म्या जणींमध्ये हे शिंग फुटलं, आणि फुटलेल्यांतली बहुतेक सातव्या महिन्याआधीच. ते फुटतं तेव्हा पोट रक्तानं भरतं आणि वेळ मिनिटांत मोजावी लागते. चंदगड किंवा गगनबावड्यातली बाई अशा वेळी कोल्हापूरच्या रस्त्यावर असते. हा प्रकार दुर्मीळ आहे. पण जिच्या कागदावर एकशिंगी गर्भाशय लिहिलंय, तिच्या पहिल्याच सोनोग्राफीत गर्भ नेमका कुठल्या बाजूला आहे हे सहाव्या-सातव्या आठवड्यात पाहिलं तर धोका ओळखता येतो. असं शिंग आधीच सापडलं तर ते काढून टाकणं, हे मात्र खरंच करायचं ऑपरेशन आहे. कापण्याचा उत्साह तिथे दाखवा.

एकशिंगी गर्भाशयाच्या जवळजवळ निम्म्या गर्भधारणांत जिवंत मूल हाती येतं, असं जुन्या नोंदींच्या एका आढाव्यात आढळलं. उरलेल्या निम्म्यांतल्या काही तरी नुसत्या लक्ष ठेवण्यानं वाचू शकतात. सोळाव्या ते चोविसाव्या आठवड्यांत पिशवीच्या तोंडाची लांबी मोजत राहायची. ती अडीच सेंटिमीटरच्या खाली गेली तर टाका किंवा प्रोजेस्टेरॉनचा विचार करायचा. बाळंतपण सातव्या-आठव्या महिन्यात होण्याची शक्यता धरून, नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग असलेल्या ठिकाणीच नाव घालायचं. एकाच बाईची दोन मुलं पायाळू झाली, तर पायाळू पोराचं कौतुक करता करता तिच्या गर्भाशयाचा आकारही एकदा पाहायचा. हे काम बिनचकाकीचं आहे. यात ऑपरेशनचं बिल होत नाही, पण बाळ वाचतं.

मूत्रपिंडं त्याच काळात, त्याच शेजारात घडतात. म्हणून एकशिंगी गर्भाशयाच्या दहांतल्या चार जणींना मूत्रपिंडातही काही वेगळेपण असतं, बऱ्याचदा एकच मूत्रपिंड. पोटाची साधी सोनोग्राफी ते दाखवते. याच्या उलट वाटही महत्त्वाची आहे. जन्मतःच एक मूत्रपिंड नाही असं कळलेल्या मुलीवर पाळी सुरू होण्याच्या वयात लक्ष ठेवलं पाहिजे. काही मुलींना दोन गर्भाशयं असतात आणि एका बाजूची वाट बंद असते. एका बाजूनं पाळी येते, म्हणून सगळे निर्धास्त. दुसऱ्या बाजूला रक्त साचत जातं आणि दर महिन्याला दुखणं वाढतं. ज्यांच्या दोन्ही वाटा बंद आहेत त्यांना पाळी येतच नाही, फक्त दर महिन्याला पोटात कळा. तेरा-चौदा वर्षांच्या पोरीला "पाळीत दुखायचंच, आम्ही काय बाळंत झालो न्हाय?" असं सांगून शाळेत पाठवलं जातं. साचलेलं रक्त उलटं नळ्यांतून पोटात जातं आणि वर्षानुवर्षं अंडाशय आणि नळ्या खराब करतं. जन्मजात दोषामुळे पुढे खरोखर वंध्यत्व येण्याची ही एक ठळक वाट आहे, आणि ती वेळीच मोकळी केली तर टाळता येते. लग्नानंतर पडद्याच्या मिलिमीटरवर घसा कोरडा करणारं घर त्या मुलीच्या चौदाव्या वर्षी गप्प होतं.

"मुलगी देताना लपवलं, आमची फसवणूक झाली," हा आणखी एक आरोप. पडदा किंवा द्विशिंगी गर्भाशय असलेल्या मुलीची पाळी बहुतेक वेळा वेळेवर येते; तिला काही कळण्याचा मार्गच नसतो. जे तिला ठाऊक नव्हतं ते तिनं लपवलं कसं? एक अपवाद मी मान्य करतो. साधारण पाच हजारांत एका मुलीला गर्भाशय नसतं. अंडाशय ठीक असतात, अंग भरतं, पण पाळी येत नाही. सोळा वर्षं पूर्ण होऊनही "न्हाण आलं नाही" तर ते लपवून, गोळ्या देत देत तिचं लग्न लावून देणारे आई-बाप तिच्यावर अन्याय करतात, आणि ज्याच्याशी लावतात त्याच्यावरही. लग्नाआधी सांगितलं पाहिजे, मुलीला तर आधीच. मात्र मूल होत नाही हे हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचं कारण नाही, हेही फसवणुकीची भाषा बोलणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

मे २०१७ मध्ये पुण्यात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या चमूनं भारतातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण केलं. जन्मतः गर्भाशय नसलेली ती तरुणी सोलापूरची होती आणि गर्भाशय दिलं तिच्या आईनं. वैद्यकीय कर्तृत्व म्हणून त्याला दाद द्यावीच लागेल. पण त्या बातमीवर "आता ती पूर्ण बाई झाली" असा सूर लावणाऱ्यांना सांगायला हवं, की ती त्याआधीही पूर्ण होती. कायद्यानंही या विषयात दोन्ही टोकं गाठली आहेत. २०२२ च्या सरोगसी नियमांनी सरोगसीची परवानगी देणाऱ्या कारणांत गर्भाशय नसण्याच्या जोडीला लहान एकशिंगी आणि टी आकाराचं गर्भाशयही घातलं. गरज असलेल्यांना वाट मिळाली, हे चांगलं. पण त्याच यादीचा आधार घेऊन "एकशिंगी म्हणजे जमायचं नाही" असं कोणी सांगितलं, तर मग निम्म्या गर्भधारणा यशस्वी कशा होतात हे त्याला विचारा. मार्च २०२३ मध्ये मात्र दात्याचं बीज घ्यायला मनाई झाल्यानं अनेकींची हीच वाट बंद झाली. गर्भाशय नसलेल्या एका स्त्रीला ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाद मागावी लागली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलला. शरीराच्या ठेवणीवरून सरसकट नियम केले की कोणीतरी चिरडतंच.

यंत्राच्या कागदावरून बाईचा निवाडा करू नये, हे कोल्हापूरला शिकवायला बाहेरून कोणी यायला नको. २००१ च्या जनगणनेत इथे सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८३९ मुली उरल्या होत्या. लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना, गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी, सोनोग्राफीच्या यंत्रांवर नजर ठेवणारा "सायलेंट ऑब्झर्व्हर" बसवला गेला. रेडिऑलॉजिस्टांच्या संघटनेनं त्याला आव्हान दिलं आणि २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ते फेटाळलं. यंत्र निष्पाप असतं, पण त्याला काय विचारलं जातंय यावर जिल्ह्याचं लक्ष हवं, हे आपण तेव्हा मान्य केलं. तेच यंत्र आता सुनेत खोट शोधायला वापरलं जातंय.

त्याहीआधी, १८८६ मध्ये, कोल्हापूर संस्थानानं डॉ. आनंदीबाई जोशींना अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री विभागाची जबाबदारी देऊ केली होती. आज तेच सरकारी सीपीआर रुग्णालय आहे. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं आणि त्या इथे रुजू होऊ शकल्या नाहीत. त्यांचा प्रबंध प्रसूतिशास्त्रावरच होता. बाईच्या दुखण्याचा विचार करायला शिकलेला माणूस हवा, हे ज्या गावाला तेव्हा कळलं होतं, त्या गावाकडून आज थोडी अपेक्षा ठेवायला हरकत नाही. सरकारी रुग्णालयात त्रिमितीय सोनोग्राफीचा अहवाल तिरक्या रेघेशिवाय मिळावा. पाळी न आलेल्या किंवा पाळीत कळवळणाऱ्या मुलींना तपासायला शाळांच्या आरोग्य तपासणीत जागा असावी. आणि "गर्भाशय शुद्धी"च्या जाहिराती छापणाऱ्यांना १९५४ चा औषधे व जादूटोणा उपचार कायदा कोणीतरी वाचून दाखवावा. त्याच्या परिशिष्टात गर्भाशयाचे विकार आणि स्त्रियांचं वंध्यत्व दोन्ही आहेत.

मूल होईल याची हमी कोणीच देऊ शकत नाही, हा लेखही देत नाही. काही जणींचे दिवस टिकणार नाहीत, काहींना मूल होणार नाही, आणि तेव्हाही त्यांची बाजू तेवढीच खरी असेल. पण ज्याला बाईला दोषी धरायचंय त्यानं आधी नवऱ्याचा रिपोर्ट समोर ठेवावा. ज्याला कापायचंय त्यानं न कापता काय झालं असतं याचा हिशेब समोर ठेवावा. हे दोन्ही कागद टेबलावर येईपर्यंत तिच्या पिशवीला कोणी हात लावू नये आणि तिला कोणी बोल लावू नये.